आधी यकृत, मग स्वादुपिंड

कर्करोगाची शस्त्रक्रिया शिकणाऱ्याला जे नियम सुरुवातीलाच पाठ होतात, त्यांपैकी एक असा की, रोग मूळ अवयवाबाहेर पडून दूरच्या अवयवात रुजला असेल तर सुरी खाली ठेवावी आणि रुग्णाला औषधोपचारांच्या हवाली करावे. स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगात, म्हणजे पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरातून उद्भवणाऱ्या ॲडिनोकार्सिनोमात, हा नियम आजही जवळजवळ निरपवाद पाळला जातो. यकृतात एक जरी गाठ दिसली तरी पोट उघडून फारसे काही साधत नाही. त्याच अवयवात, कधी कधी अगदी त्याच जागी, उद्भवणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठींना मात्र तो नियम तसाच्या तसा लावता येत नाही. स्वादुपिंडाच्या एकूण गाठींत यांचे प्रमाण शेकडा एक ते दोन इतकेच मानले जाते, आणि त्यांतील बहुसंख्य सुविभेदित असतात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशी ज्या निरोगी पेशींपासून निघाल्या त्यांच्याशी बरेच साम्य राखून असतात व संथपणे वाढतात. यकृतात पसरलेला रोग अंगावर घेऊन वर्षानुवर्षे नोकरीधंदा सांभाळणारे रुग्ण या विकारात विरळा नाहीत. हाताशी वेळ आहे, एवढ्या एका गोष्टीने शस्त्रक्रियेचे सारे गणित बदलते. कापता येईल का, या प्रश्नाच्या बरोबरीने आधी कुठे कापायचे आणि जाणूनबुजून काय ठेवून द्यायचे, हे प्रश्न उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे चुकली तर उत्तम हातांनी केलेली शस्त्रक्रियाही रुग्णाचे पुढचे मार्ग बंद करून बसते.

पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने १८६९ साली बर्लिनमधील आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील ज्या पेशीपुंजांचे वर्णन केले, त्यांतील पेशी इन्सुलिन, ग्लुकागॉन यांसारखी संप्रेरके थेट रक्तात सोडतात, आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींचे नाते याच पेशीकुळाशी आहे. गाठ स्वतःच अवाजवी संप्रेरक तयार करू लागली आणि त्याची लक्षणे दिसू लागली तर तिला कार्यशील म्हणतात, अन्यथा अकार्यशील. बहुतांश गाठी दुसऱ्या प्रकारच्या असतात आणि म्हणूनच त्या उशिरा, यकृतापर्यंत पोचल्यावर सापडतात. या शस्त्रक्रियेचा इतिहासही अशाच पुढे गेलेल्या रोगापासून सुरू होतो. १९२७ साली मेयो क्लिनिकच्या वाइल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका डॉक्टर रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रक्तातील साखर वारंवार घसरून त्याला झटके येत, विल्यम मेयो यांनी पोट उघडले तेव्हा स्वादुपिंडात गाठ व यकृतात तिचा प्रसार आढळला, आणि काहीही न काढता पोट बंद करावे लागले. रुग्णाच्या मृत्यूनंतर यकृतातील गाठींच्या अर्कातही इन्सुलिनसारखी क्रिया असल्याचे दिसून आले, म्हणजे दूर जाऊन रुजलेल्या पेशी आपला मूळ उद्योग तिथेही चालवतच होत्या. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, टोरांटोत रॉस्को ग्रॅहम यांनी इन्सुलिनोमाची, म्हणजे इन्सुलिन सोडणारी, एकटी गाठ काढून रुग्ण बरा केला आणि पुढे पाठ्यपुस्तकांनी हीच यशोगाथा उचलून धरली.

१९५५ साली ओहायोत झोलिंजर आणि एलिसन यांनी दोन रुग्णांवरून मांडलेला विकार या बाबतीत अधिक बोधप्रद आहे. गॅस्ट्रिन या संप्रेरकाच्या अतिरेकामुळे जठरात आम्लाचा पूर येतो व लहान आतड्यात, जिथे सहसा व्रण होत नाहीत तिथेही, व्रण पडून ते फुटतात. गाठ काढता येत नसेल तर त्या काळी शस्त्रवैद्यासमोर एकच मार्ग उरे, तो म्हणजे संपूर्ण जठरच काढून टाकणे, कारण शत्रूला गाठता येत नसेल तर त्याचे लक्ष्यच नाहीसे करावे असा तो हिशेब होता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सिमेटिडिन आणि त्यानंतरच्या दशकाच्या अखेरीस ओमेप्रॅझोल आले, आम्ल गोळीने आवरू लागले आणि ती शस्त्रक्रिया जवळजवळ कालबाह्य झाली. शरीराचा एवढा मोठा भाग ज्या कारणासाठी काढला जाई ते कारण एका कॅप्सूलने संपावे, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्याने विसरू नये, कारण आज अपरिहार्य वाटणाऱ्या काही शस्त्रक्रियांची उद्या हीच गत होणे शक्य आहे.

पुढे गेलेल्या रोगात शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी दोन गोष्टींचा निवाडा लागतो. पहिली म्हणजे बायोप्सीतील श्रेणी. विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींचे शेकडा प्रमाण दाखवणारा केआय-६७ हा निर्देशांक तीनपेक्षा कमी असेल तर पहिली श्रेणी, तीन ते वीस असेल तर दुसरी आणि वीसच्या वर गेला तर तिसरी. त्यातही २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिसऱ्या श्रेणीची पण सुविभेदित राहिलेली गाठ आणि घडणच बिघडलेला न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा यांना वेगळे मानले जाते. या कार्सिनोमात पसरलेल्या रोगावर सुरी चालवणे व्यर्थ असते. दुसरी गोष्ट स्कॅनची. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाचे ग्राहक भरपूर असतात, म्हणून त्या ग्राहकांना चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम-६८ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडून पेट स्कॅन केला की शरीरभर विखुरलेल्या गाठी उजळून दिसतात. जी गाठ गॅलियमवर उजळते तिच्यावर त्याच रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडून उपचारही करता येतात. महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध येतो तो इथे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम तयार होते आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ते रुग्णांना देण्याचा दीर्घ अनुभव जमा झाला आहे. त्यामुळे मुंबईत शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्याला, पुढे ल्युटेशियम आहे हे गृहीत धरून आपल्या कामाची मर्यादा आखता येते.

यकृतातील प्रसाराचे स्वरूप तीन प्रकारचे मानतात: एकच गाठ, एक मोठा पुंजका आणि त्याच्या आसपास काही लहान गाठी, आणि दोन्ही बाजूंना विखुरलेला, कुठेही निरोगी भाग सलग न उरलेला प्रसार. बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या प्रकारात मोडतात, आणि खरा कस लागतो तो दुसऱ्या व तिसऱ्याच्या सीमेवर. निरोगी यकृतात साधारण पंचवीस ते तीस टक्के भाग रक्तपुरवठ्यासह शाबूत राहिला तर रुग्ण निभावतो व यकृत पुन्हा वाढते, हे खरे असले तरी अर्धे यकृत एका फटक्यात काढणे या रोगात शहाणपणाचे नसते. न्यूरोएंडोक्राइन गाठी यकृतात वाढताना शेजारच्या रक्तवाहिन्या व पित्तनलिका पोखरण्याऐवजी बहुधा बाजूला ढकलत वाढतात, आणि त्यामुळे गाठ आणि यकृत यांच्यामध्ये एक पातळ पदर सापडतो. आधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर अल्ट्रासाउंडचा छोटा प्रोब थेट यकृताच्या पृष्ठभागावर फिरवून प्रत्येक गाठ, तिची खोली आणि तिला लगटून जाणारी शीर यांचा नकाशा मनात पक्का करावा लागतो. मग यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या जुडग्याला फीत घालून ती पंधरा मिनिटे आवळायची, पाच मिनिटे सैल सोडायची, ही प्रिंगल यांनी १९०८ मध्ये सांगितलेल्या युक्तीची आजची रीत. या काळात भूलतज्ज्ञ मोठ्या शिरांतील दाब मुद्दाम कमी ठेवतो, कारण कापताना रक्त येते ते प्रामुख्याने यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांमधून, आणि त्या शिरा फुगलेल्या असतील तर फितीचा काही उपयोग होत नाही. त्यानंतर ध्वनिलहरींनी ऊती विरघळवून शोषून घेणाऱ्या उपकरणाने त्या पदरातून जात गाठ वाटाण्यासारखी सोलून बाहेर काढता येते, बाजूची शीर उघडी पडते पण फाटत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा प्रसार काढताना भोवतालचे निरोगी यकृत थोडे घेऊन कापण्याची जी शिस्त असते, तिचा आग्रह इथे धरला तर खर्ची पडते ते निरोगी यकृत, आणि रुग्णाला पुढे त्याचीच गरज लागणार असते.

किती रोग काढला म्हणजे शस्त्रक्रिया सार्थ झाली, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले. दिसणारा नव्वद टक्के रोग काढता येणार असेल तरच हात घालावा, असा संकेत बरीच वर्षे होता. अलीकडे काही केंद्रांनी सत्तर टक्क्यांचा उंबरठाही पुरेसा मानला, आणि त्यामुळे पूर्वी नाकारले गेलेले बरेच रुग्ण शस्त्रक्रियेच्या कक्षेत आले. परंतु या टक्केवारीकडे पाहताना एक अवघड सत्य लक्षात ठेवले पाहिजे. पॅरिसजवळच्या एलियास आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, काढलेल्या यकृताचे अगदी पातळ काप करून तपासले असता जेवढ्या गाठी सापडल्या त्यांच्या निम्म्याही आधीच्या स्कॅनमध्ये दिसल्या नव्हत्या. मेयो क्लिनिकच्या २००३ मधील १७० रुग्णांच्या अहवालात, ज्यात आतड्यातील न्यूरोएंडोक्राइन गाठींचे रुग्णही होते, यकृतावरील शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगलेले ६१ टक्के होते, दहा वर्षे जगलेले ३५ टक्के, आणि पाच वर्षांत रोग पुन्हा दिसलेले ८४ टक्के. २०१० मध्ये अनेक केंद्रांतील ३३९ रुग्णांच्या एकत्रित पाहणीत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ७४ टक्क्यांपर्यंत गेले, तरी रोग परतण्याचे प्रमाण ९४ टक्क्यांवर राहिले. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावे लागतात. रोग परततो, जवळजवळ नेमाने परततो, आणि तरीही रुग्ण जगतो. नव्वद टक्के काढल्याची नोंद ही दिसलेल्या रोगाची असते, असलेल्या रोगाची नव्हे, आणि हे ज्याला मनोमन पटले आहे तो शस्त्रवैद्य शेवटची अर्ध्या सेंटिमीटरची गाठ काढण्यासाठी मोठी शीर धोक्यात घालत नाही.

क्रमाचा प्रश्न येतो तो मूळ गाठ स्वादुपिंडाच्या शीर्षभागात असेल तेव्हा. व्हिपल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे शीर्ष, त्याला मिठी मारून असलेले आद्यांत्र, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग एकत्र काढून उरलेली पित्तनलिका थेट लहान आतड्याला शिवली जाते. निसर्गतः पित्तनलिकेच्या तोंडाशी स्नायूंची एक झडप असते, ती पित्त आतड्यात जाऊ देते पण आतड्यातले जंतू वर चढू देत नाही. नव्या जोडणीला अशी झडप नसते आणि पित्तमार्गात जंतूंचे कायमचे बिऱ्हाड होते. एरवी त्याने फारसे बिघडत नाही. पण यकृतातील गाठी आपले रक्त मुख्यतः धमनीतून घेतात आणि निरोगी यकृत बहुतांशी पोर्टल शिरेतून, या फरकाचा फायदा घेऊन धमनीतून सूक्ष्म कण सोडून गाठींचा रक्तपुरवठा तोडण्याचा, म्हणजे एम्बोलायझेशनचा, जो उपचार पुढे हमखास लागतो, तो अशा रुग्णात केला की मेलेल्या गाठीत ते जंतू शिरतात आणि यकृतात गळू होते. सुई घालून गाठ जाळण्याच्या उपचारातही तोच धोका. गळूने आजारी पडलेला रुग्ण गाठीने आजारी पडलेल्यापेक्षा लवकर दगावू शकतो. म्हणून शीर्षभागातली गाठ असेल, यकृतातही बराच रोग असेल आणि दोन्ही काढण्याचे ठरले असेल, तर आधी यकृताचे काम उरकावे, ते भरून येऊ द्यावे, आवश्यक ते एम्बोलायझेशन वगैरे झडप शाबूत असतानाच करून घ्यावे, आणि मग व्हिपल करावी, हा क्रम सयुक्तिक ठरतो. दोन्ही एकाच बैठकीत करण्याचा मोह तरुण वयात फार होतो; यकृताचा मोठा भाग गेलेला असताना स्वादुपिंडाची आतड्याशी केलेली जोडणी गळली तर दोन्ही अवयव एकमेकांना बुडवतात, आणि त्या मोहाची किंमत रुग्ण चुकवतो.

पुच्छभागातली गाठ त्या मानाने सोयीची. पित्तमार्गाला हात लागत नाही, म्हणून यकृताच्या लहानसहान गाठी त्याच वेळी काढता येतात, आणि पित्ताशयही काढून टाकणे बरे, कारण पुढे महिन्याला द्यायच्या ऑक्ट्रिओटाइडसारख्या इंजेक्शनांनी पित्तखडे होतात आणि एम्बोलायझेशनच्या वेळी पित्ताशयाचा रक्तपुरवठा बंद पडण्याची भीती असते. मात्र पुच्छाच्या पाठीला चिकटून जाणारी प्लीहेची शीर गाठीने किंवा शिरेच्या आत शिरलेल्या गाठीच्याच धाग्याने बंद झालेली असेल, तर प्लीहेचे रक्त जठराच्या शिरांतून वाट काढते, त्या शिरा फुगतात आणि रक्ताची उलटी हेच रोगाचे पहिले लक्षण ठरू शकते. पोट उघडल्यावर या फुगलेल्या शिरांचे जाळे दिसले की आधी प्लीहेची धमनी शोधून बांधावी, म्हणजे येणारे रक्त थांबून जाळे जरा मावळते. पुच्छाबरोबर प्लीहाही जाणार हे आधीच माहीत असल्याने न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस यांच्या लसी किमान दोन आठवडे अगोदर टोचून घेणे, ही साधी गोष्ट गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात राहून जाते.

स्वादुपिंड कापून झाल्यावर खरी काळजी सुरू होते. नेहमीच्या कर्करोगात नलिका तुंबून रुंद झालेली असते आणि उरलेला अवयव सुजून घट्ट झालेला, त्यामुळे टाका धरतो. न्यूरोएंडोक्राइन गाठीच्या रुग्णात तो बहुधा निरोगी, मऊ, लोण्यासारखा, आणि नलिका जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. टाक्याची गाठ ओढताना दोरा ऊतीतून कापत बाहेर येतो, हे हाताला जाणवते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ड्रेनमधून येणाऱ्या पाण्यातील अमायलेज या स्वादुपिंडाच्या पाचकरसातील विकराचा अहवाल त्या जाणिवेची खातरजमा करतो. रोग सौम्य म्हणून शस्त्रक्रियाही सौम्य, हा समज इथे पुरता फसतो.

कार्यशील गाठींच्या पूर्वतयारीबद्दल थोडक्यात एवढेच: इन्सुलिनोमात भूल असताना साखर सतत मोजावी, गॅस्ट्रिनोमात आम्लरोधक औषध एक दिवसही तुटू देऊ नये, ग्लुकागोनोमात कुपोषण आणि रक्ताच्या गुठळ्या यांची दखल आधी घ्यावी, आणि दिवसाकाठी लिटरवारी जुलाब घडवणाऱ्या व्हीआयपोमात पोटॅशियम सावरल्याशिवाय टेबलावर घेऊ नये. या रुग्णांत गाठींचे ओझे कमी करणे हाच लक्षणांवरचा मोठा उपाय ठरतो, म्हणून अपुरी शस्त्रक्रियाही त्यांना लाभते.

यकृतातील रोग काढण्यापलीकडे गेला असताना केवळ मूळ गाठ काढावी काय, यावर बराच वाद आहे. मूळ गाठ काढलेले रुग्ण अधिक जगले, असे मागे वळून केलेल्या अनेक पाहण्या सांगतात. पण ज्यांची गाठ काढली ते वयाने कमी, प्रकृतीने बरे आणि रोगाने हलके होते, आणि ज्यांना शस्त्रवैद्याने पाहताक्षणी नको म्हटले ते दुसऱ्या रकान्यात गेले, एवढ्याने तो फरक बऱ्याच अंशी उलगडतो. चिठ्ठ्या टाकून रुग्णांची विभागणी केलेल्या चाचणीविना या वादाचा निकाल लागणार नाही, आणि इतक्या विरळ रोगात ती उभी करणे कठीण आहे. तोवर तारतम्याने चालावे लागते: पुच्छातली गाठ, पहिली वा दुसरी श्रेणी, रक्तस्रावाचा धोका, असे असेल तर काढण्याकडे कल ठेवावा, शीर्षातली गाठ काहीच त्रास देत नसेल आणि यकृत भरलेले असेल, तर वर सांगितलेल्या झडपेसाठी तिला हात लावू नये.

यकृत प्रत्यारोपणाचा मार्ग थोड्यांसाठी खुला असतो. मिलानचे मात्साफेरो यांनी मांडलेल्या निकषांनुसार गाठ कमी श्रेणीची हवी, तिचे मूळ पोर्टल शिरेच्या क्षेत्रातले व आधीच काढलेले हवे, यकृताचा निम्म्याहून कमी भाग व्यापलेला हवा आणि रोग किमान सहा महिने स्थिर हवा. अशा कसोशीने निवडलेल्या रुग्णांत त्यांनी २०१६ मध्ये दिलेले निकाल थक्क करणारे आहेत. भारतात मात्र यकृत बहुतेक वेळा जिवंत नातेवाइकाकडून मिळते, आणि ज्या रोगात आजारी माणूस आहे त्याच यकृतावर आणखी कित्येक वर्षे निभावू शकतो, तिथे बहिणीच्या किंवा मुलाच्या निरोगी पोटावर सुरी चालवण्याची घाई कितपत करावी, हा प्रश्न निकषांच्या कोष्टकात बसत नाही.

मार्च २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्या आजाराचे नाव जाहीर केले, तेव्हापासून न्यूरोएंडोक्राइन हा शब्द घरोघरी ऐकून माहीत झाला, आणि स्टीव्ह जॉब्ज यांची २००४ मधील शस्त्रक्रिया व २००९ मधील यकृत प्रत्यारोपण यांचा दाखलाही नातेवाईक आता देतात. शस्त्रक्रिया आटोपून बाहेर आलेल्या डॉक्टरला मात्र विचारला जातो तो जुनाच प्रश्न: ‘गाठ पूर्ण निघाली ना?’ या रोगात त्याचे होकारार्थी उत्तर क्वचितच खरे असते, आणि नकारार्थी उत्तर दिले की ऐकणाऱ्याला सगळेच संपल्यासारखे वाटते. म्हणून हे बोलणे शस्त्रक्रियेनंतरच्या दारात न करता आधीच्या भेटींत, स्कॅन समोर ठेवून, काय काढणार आणि काय ठेवणार हे बोटाने दाखवून झालेले असावे. तसे झाले असेल तर नातेवाईक प्रश्नच वेगळा विचारतात, ठरल्याप्रमाणे झाले का, असा.

पुढची काही वर्षे तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन, अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन, आणि गरज पडेल तेव्हा ल्युटेशियम, एम्बोलायझेशन, गोळ्या किंवा पुन्हा शस्त्रक्रिया असा प्रवास असतो. रक्तातील क्रोमोग्रॅनिन हे दर्शक प्रथिन वाढलेले दिसले तरी रुग्ण ॲसिडिटीची गोळी घेतो का, हे आधी विचारावे, कारण त्या गोळीनेही ते चढते. या प्रवासात रुग्ण बहुधा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन पोचतो, आणि त्याच्या हाती असतो तो डिस्चार्ज कार्डाचा घडी घातलेला कागद. त्यावर ‘गाठी काढल्या’ एवढेच लिहिलेले असेल तर पुढच्याला काहीच उमगत नाही. यकृताच्या कोणत्या खंडात किती गाठी दिसल्या, त्यांतल्या किती काढल्या, कोणत्या ठेवल्या आणि का, पित्ताशय काढले की आहे, पित्तनलिका आतड्याला जोडली आहे की नाही, कोणती धमनी बांधली, प्लीहा आहे की गेली, आणि लसी कोणत्या तारखेला दिल्या, इतके त्या कागदावर सुवाच्य अक्षरात असायला हवे. त्यातही पित्तनलिकेची ओळ लाल शाईने.